माहेरघरातला हिरवा पडदा

मित्रांनो, तुमच्या घरी पडदे असतीलच. त्यांच्यावर फुलं असतात, मोर असतात, निदान रेघा तरी असतात. माझ्यावर काहीच नाही. साधा हिरवा, दवाखान्याच्या रंगाचा, धुऊन धुऊन विटलेला, खालच्या बाजूने उसवलेला असा मी जुना पडदा आहे. चाकणजवळच्या एका सरकारी दवाखान्याच्या आवारात माहेरघर नावाची बैठी इमारत आहे. तिथल्या मोठ्या खोलीच्या कोपऱ्यात मी लोंबतो. माझी गोष्ट ऐकून तुम्हाला माझं कौतुक वाटावं अशी माझी फार इच्छा आहे. पण तसं होईल असं वाटत नाही, कारण मलाच हल्ली स्वतःचं कौतुक वाटत नाही.

माझा जन्म इचलकरंजीच्या यंत्रमागावर झाला. गठ्ठ्यात बांधून मला पिंपरीच्या कापडबाजारात आणलं आणि तिथून मी मोशीच्या शालनबाईंच्या शिलाई मशीनवर येऊन पडलो. शालनबाईंचं इंद्रायणीकाठी शेत होतं. आता तिथे उंच इमारती झाल्या आहेत आणि शालनबाई बचत गटाची शिवणकामं करतात. मला दुमड घालताना त्या माझ्याशी बोलायच्या. "बायांच्या खोलीत चाललाय न्हवं तू? आमच्या टायमाला कुठं हुतं असलं काय? गोठ्याशेजारी बाळंत झालो आमी. तवा झाकायचं काम नीट कर बाबा." वर गोल कड्या लावून त्यांनी मला झटकलं, तेव्हा मला अगदी मोठं झाल्यासारखं वाटलं. झाकायचं काम नीट करायचं, एवढंच मला माहीत होतं.

माहेरघर म्हणजे काय ते आधी सांगतो. ज्यांचे दिवस भरत आलेत अशा बायका इथे आधीच येऊन राहतात, म्हणजे कळा सुरू झाल्या की दवाखाना चार पावलांवर असतो. काही जणी डोंगराकडच्या वाड्यांवरून येतात, काही वीटभट्ट्यांवरून. काही तर इथल्याच कंपन्यांच्या आजूबाजूला भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या असतात. जवळच राहतात मग आधी यायचं कशाला, असं तुम्ही विचाराल. मित्रांनो, एकदा शिफ्ट सुटायच्या वेळी चाकणच्या चौकात उभे राहून बघा. कंटेनर, कंपनीच्या बस आणि दुचाक्या एकमेकांत अशा अडकतात की अ‍ॅम्ब्युलन्स नुसती जागच्या जागी ओरडत राहते. त्या ओरडणाऱ्या गाडीतच बाळंत झालेल्या बायकांच्या गोष्टी मी ऐकून आहे.

माहेरघरात इंदुताई सल्ला देण्याचं काम करतात. त्या संत तुकाराम नगरातून रोज बसने येतात, आल्या आल्या पिशवी खुंटीला अडकवतात आणि बायकांची चेष्टा करत करत कामाला लागतात. एकेकीला त्या माझ्याआड बोलावतात. तिथे एक बाक आहे आणि एक चित्रांचं पुस्तक. पुढचं मूल हवंय का, हवं असेल तर किती वर्षांनी, आणि तोवर काय वापरणार, असं सगळं त्या विचारतात. तांबी, गोळ्या, निरोध, इंजेक्शन, ऑपरेशन, सगळं चित्रं दाखवून समजावतात. सासूसमोर जे बोलता येत नाही ते बाईला मोकळेपणाने बोलता यावं, म्हणून तर मी तिथे होतो.

पण मी कापडाचा. डोळे अडवतो, आवाज अडवत नाही. माझ्यापलीकडे चटईवर बायका भाजी निवडत बसलेल्या असायच्या. आत बोलणं सुरू झालं की बाहेरच्या गप्पा आपोआप बंद व्हायच्या. हात पालेभाजीत आणि कान माझ्याकडे. मध्येच कुणी तोंडाला पदर लावून खुदकन हसायची. इंदुताईंना हे कळत होतं. खोली बायकांनी भरलेली आणि सांगणाऱ्या त्या एकट्या. मग त्यांनी आवाज थोडा चढवायला सुरुवात केली, म्हणजे एकीला सांगितलेलं सगळ्यांच्या कानावर पडेल. पुढची आत आली की त्या विचारायच्या, "ऐकलंस ना मघाशी? काही शंका?" ती लाजून नाही म्हणायची आणि उठायची. काम भराभर उरकायचं.

एकदा वरच्या कचेरीतून एक मॅडम पाहणी करायला आल्या. इंदुताई हसत त्यांना म्हणाल्या, "मॅडम, हा नुसता पडदा नाही, माझा माईक आहे. एकीला सांगितलं की खोलीभर पोचतं." मॅडमनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. त्या दिवशी पंख्याच्या वाऱ्यावर मी केवढा फुगलो म्हणून सांगू! खोलीतल्या सगळ्या बायका माझ्यामुळे शहाण्या होत आहेत, असंच मला वाटायला लागलं होतं.

त्याच सुमाराला कस्तुरा आली. मूळची परभणीकडची. नवरा सुजित इथल्या एका कंपनीत कंत्राटावर, आणि ती स्वतः गाड्यांच्या वायरी बांधायच्या कंपनीत लाइनवर उभी राहायची. पहिलंच बाळंतपण होतं. ठेकेदाराने सांगितलं होतं की बाळंत होऊन ये, जागा ठेवतो, पण फार दिवस लावू नकोस. कस्तुरा तशी चुणचुणीत होती, पण या विषयावर बोलायची वेळ आली की तिच्या तोंडातून शब्द फुटत नसे. त्यात तिची सासू भिमाबाई रोज डबा घेऊन यायची. "जय भीम ताई" म्हणत आत शिरायची आणि सुनेसमोर ठाण मांडून बसायची. सुनेवर जीव होता तिचा, मी खोटं बोलणार नाही.

एके दिवशी इंदुताईंनी आधी विजयश्रीला आत बोलावलं. विजयश्री खेडच्या पलीकडच्या गावची, घरी शेत आणि दोन गाई. तिला तांबीची भीती वाटत होती.

"बरं, लगेच नको तर नको," इंदुताई म्हणाल्या. "बाळंत झाल्यावर तू घरीच असणार ना?"

"व्हय ताई. मी कुठं जाती!"

"मग बाळाला नुसतं अंगावरच पाज, रात्रंदिवस. पाळी आली नाही तर सहा महिने तशी काळजी नाही. सहा महिने झाले, नाहीतर त्याआधी पाळी आली, की लगेच माझ्याकडे ये."

हे सांगून इंदुताईंनी पुस्तकाचं पान उलटलं. त्या पानावर दुधाची बाटली आणि वाटी-चमचा काढलेला होता आणि त्यावर लाल फुली होती. इंदुताईंनी बाटलीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "पण हे अजिबात चालणार नाही हं! हे केलंस की मग भरवसा नाही." विजयश्रीने चित्राकडे पाहिलं आणि मान हलवली.

माझ्या या बाजूला, मला जवळजवळ पाठ टेकून कस्तुरा बसली होती. सहा महिने काळजी नाही, हे ती ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणाली. तेवढ्यात समोर भिमाबाईने डबा उघडला. भाकरी, वांग्याची भाजी आणि कोपऱ्यात लिंबाचं लोणचं. भिमाबाईने बोटाने लोणचं उचलून स्वतःसाठी झाकणात बाजूला ठेवलं. नेमकं तेव्हाच आतून आलं, "पण हे अजिबात चालणार नाही हं!"

मित्रांनो, मला दोन्ही बाजू दिसत होत्या. इंदुताईंचं बोट दिसत होतं, आणि ते बोट जिला दिसत नव्हतं ती कस्तुराही दिसत होती. पंखा चालू असता तर मी हललो असतो, कदाचित एखादी फट पडली असती. पण वीज गेलेली होती. मी सरळ, गच्च लोंबत राहिलो. शालनबाईंनी सांगितलेलं काम मी त्या दिवशी अगदी चोख केलं.

मग कस्तुराचा नंबर आला. "काय गं, तू तर इथेच बसली होतीस. ऐकलंस ना सगळं?" इंदुताईंनी विचारलं.

"ऐकलं ताई. समजलंय मला."

"शहाणी आहेस," इंदुताई म्हणाल्या आणि त्यांनी पुस्तक मिटलं.

कस्तुराचं सिझर झालं. मुलगी झाली. भिमाबाईने खोलीभर पेढे वाटले, आणि "ह्यो पडद्याच्या वाटचा" म्हणून एक पेढा इंदुताईंना जास्तीचा दिला. सगळे हसत गेले. नंतर नवीन बायका आल्या आणि मी कस्तुराला विसरलो.

ती परत आली तेव्हा तिच्या कडेवर लेक होती. नुकतं पाऊल टाकायला लागलेलं लेकरू. मला वाटलं, भेटायला आली असेल. इंदुताई पण हात पुढे करून हसत उठल्या, आणि मग त्यांची नजर कस्तुराच्या पोटावर गेली. तिचा हात धरून त्यांनी तिला माझ्याआड नेलं.

"कस्तुरा, अगं इतक्या लवकर? पहिलं सिझर आहे तुझं. टाके भरून यायला अंगाला वेळ नको का मिळायला? सांगितलं होतं ना तुला सगळं?"

"सांगितलं होतं की ताई. मी तसंच वागले," कस्तुरा म्हणाली. "पाळी नव्हती आली. लेकरू अंगावर पीत होतं. सहा महिनेपण नव्हते झाले. कळलंच नाही मला, पोट दिसायला लागलं तवा कळलं. आन् तुम्ही जे नको म्हणलात, ते तर मी तोंडात बी घातलं नाही."

"काय तोंडात घातलं नाहीस?"

"लोणचं."

"लोणचं?" इंदुताईंनी विचारलं.

"तुम्हीच म्हणलात ना त्या बाईला, हे अजिबात चालणार नाही म्हणून? आमच्याकडं बाळंतिणीला लोणचं बंदच असतंय. सासूबाई तवा तेच बाजूला काढायल्या होत्या. मला वाटलं, तेच. सगळे महिने मी लोणच्याला बोट लावलं नाही ताई. एकदा लाइनवरच्या मैत्रिणीनं डब्यातलं दिलं, तर तिच्यावर चिडले मी."

इंदुताईंनी पुस्तक उघडलं. ते पान त्यांनी कस्तुरापुढे धरलं. कस्तुराने लाल फुलीखालची बाटली नीट निरखून पाहिली.

"बाटली?" ती म्हणाली. "पण मी तर अडीच महिन्यांतच कामावर गेले. पहिली शिफ्ट. दिवसभर सासूबाई बाटलीनंच पाजायच्या. मी रातच्याला पाजायची. अंगावर पितंय ना लेकरू, म्हणून मी बिनघोर होते."

बाहेर चटईवर भिमाबाई बसली होती. तिलाही सगळं ऐकू गेलं, माझ्यातून जातं तसं. ती मला बाजूला सारून आत आली.

"म्हंजे म्या पाजलं ते चुकलं का ताई? माय कंपनीत, लेकरू रडून रडून लाल. म्या काय करायचं हुतं?"

"तुमची चूक नाही मावशी," इंदुताई म्हणाल्या. "लेकरू उपाशी ठेवायचं नव्हतंच."

"मग कुणाची चूक हाय?"

कस्तुरा पानाकडे बघत होती, इंदुताई खाली बघत होत्या. आणि मी तिथेच लोंबत होतो, भिमाबाईच्या मुठीत.

डॉक्टरांनी कस्तुराला तपासलं. रक्त फार कमी होतं आणि आधीचे टाके कच्चे. ते जपून बोलत होते, तरी त्यांचा चेहरा बघून भिमाबाईने नातीला घट्ट धरलं. कस्तुराने आता घरी राहायचं नाही, शेवटचे दिवस माहेरघरातच काढायचे, असं ठरलं. ठेकेदाराने तर तिच्या जागेवर केव्हाच दुसरी बाई घेतली होती. सुजित शिफ्ट संपवून यायचा. पुरुषांना खोलीत येता येत नाही, म्हणून खिडकीशी उभा राहायचा. एकदा तो इंदुताईंना म्हणाला, "ताई, कंपनीत मशीनवर एखादं बटण नवीन दिसलं तरी मी दहा वेळा विचारतो, हात जाईल म्हणून. घरातलं मात्र मी एकदाबी विचारलं नाही. ते बायकांचं बायकांनी बघावं, असंच वाटायचं." इंदुताईंनी त्याला धीर दिला नाही आणि रागावल्याही नाहीत. विचारायचं तर त्यांचंही राहिलंच होतं ना.

तो गेल्यावर इंदुताई माझ्याआड एकट्याच बसल्या आणि माझ्या कडेला डोळे पुसत राहिल्या. त्या आसवांचा मला चटका बसला. त्यांना वाटत होतं की चूक फक्त त्यांची आहे. माझ्याकडे कोण बघतो? कापडाला कुणी जाब विचारत नाही, म्हणून मी सुटलो. पण सुटल्यासारखं मला एकदाही वाटलं नाही. मीच तर अर्धं पोचवलं आणि अर्धं झाकलं, आणि वर कौतुकही करून घेतलं.

कस्तुराच्या टाक्यांत दुखायला लागलं ते दुपारी, शिफ्ट बदलायच्या वेळी. ती ओरडली नाही, फक्त तिने चटईला घट्ट पकडलं आणि तिच्या कपाळावर घाम फुटला. स्ट्रेचर आलं. आवार ओलांडून तिला पलीकडे नेलं, आणि पुढचं मला काहीच दिसलं नाही. निरोप तेवढे ऐकू येत होते. रक्तस्राव थांबत नाही. रक्ताच्या आणखी पिशव्या लागणार. त्या पिंपरीहून आणायच्या होत्या. सुजित मित्राच्या दुचाकीवर मागे बसून, बर्फाचा डबा मांडीवर धरून कंटेनरांच्या मधून येत होता.

भिमाबाई माझ्यापाशी खाली बसली होती, मांडीवर नात. तिच्या हातात माझं टोक होतं. बाहेर हॉर्न वाजला की ती ते ओढायची. लेकरू भुकेने रडायला लागलं, तेव्हा कुणीतरी बाटली आणून दिली. भिमाबाई त्या बाटलीकडे बघत राहिली, मग तिने ती नातीच्या तोंडाला लावली आणि स्वतः हमसून हमसून रडू लागली. माझी खालची शिवण उसवली ती तेव्हा. नंतर कुणीतरी ती शिवायला निघालं होतं, पण इंदुताईंनी राहू द्या म्हटलं.

कस्तुरा वाचली, मित्रांनो. बाळही सुखरूप होतं. पण शुद्धीवर आल्यावर बरेच दिवस, आरशात बघितलं की ती स्वतःचे पांढरे ओठ बोटाने चोळायची, असं भिमाबाई सांगायची. तिने तांबी बसवायचं आधी ठरवलं होतं, पण रक्त इतकं गेलं होतं की डॉक्टरांनी तेव्हा बसवली नाही. दीड महिन्याने या, म्हणाले.

तोवर खोलीतली रीत बदलली होती. इंदुताईंचा आवाज आता खाली आला होता. "समजलं" असं कुणी म्हटलं की त्या पुस्तक मिटत नाहीत. "काय समजलं ते मला सांग बघू," म्हणतात. काम हळू चालतं. वरच्या कचेरीतून विचारणा होते. इंदुताई ऐकून घेतात आणि पुढच्या बाईलाही तेच विचारतात. माझ्याजागी लवकरच प्लायवूडची भिंत आणि दार येणार आहे. ते ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगतो, मला बरंच वाटलं.

ठरल्या दिवशी कस्तुरा आली. भिमाबाईसुद्धा तिच्याबरोबर माझ्याआड आली, सुनेनेच तिला बोलावलं. "ती तांबी वर सरकून काळजात जाती म्हणत्यात, ते विचार आधी," भिमाबाई म्हणाली. इंदुताईंनी मुठीएवढं प्लॅस्टिकचं गर्भाशय हातात देऊन दाखवलं की तिकडे जायला वाटच नाही. भिमाबाईने ते उलटंसुलटं करून तपासलं. कस्तुराने चित्रांचं पुस्तक स्वतःच्या हातात घेतलं आणि एकेक पान उलटून, प्रत्येक चित्रावर आपलंच बोट ठेवून विचारत गेली. मी पुन्हा कामावर गेले तर? वरचं दूध दिलं तर? पाळी जास्त गेली तर? नको वाटली तर काढता येते का? शेवटी म्हणाली, "आता तांबीच बसवा ताई. माझं मी ठरवलंय."

बाहेर चटईवर भाग्यश्री नावाची एक नवीन मुलगी होती. पहिलटकरीण, सगळ्यांत लाजरी. मला पाठ टेकून ती मेथी निवडत होती आणि तिचे हात केव्हाचे थांबलेले होते. कस्तुरा बाहेर आली. तिने मला एका हाताने बाजूला सारून धरलं आणि खाली बघितलं.

"ऐकलंस का सगळं?"

भाग्यश्रीने घाबरून मान हलवली. "ऐकलं ताई. समजलं."

"मग ते विसर. ते माझ्यापुरतं होतं," कस्तुरा म्हणाली. तिने भाग्यश्रीच्या हातातली जुडी काढून घेतली. "मेथी मी निवडते. तू ऊठ, आत जाऊन बस आन् तुझं तू विचार. लाज वाटली तर वाटू दे."

भाग्यश्री आत जाईपर्यंत कस्तुरा मला धरून उभी होती. मग तिने मला सोडलं आणि चटईवर बसली, माझ्यापासून लांब, खिडकीशी.

मित्रांनो, पडदे धुवा, शिवा, जुने झाले तर फेकून द्या, मी तक्रार करणार नाही. पण तुमच्या घरात कुणी आई, बहीण किंवा वहिनी खाली मान घालून "समजलं" म्हणाली, तर तिला तेवढ्यावर उठू देऊ नका. काय समजलं ते विचारा. मी त्या दिवशी विचारू शकलो नाही.